माझ्या वाटणीचा भात

तुम्ही डाएटच्या गोष्टी करून राहिले, म्हणून सांगते. पोलीस भरतीची तयारी करताना मोबाईलवर कोण्या पहिलवानाचं ऐकून मी भातच सोडला. सौंदडला, घरच्या शेतात, बांधीत धान उभं असताना! दोन्ही वेळ उकडलेली अंडी आणि भिजवलेले चणे, बस्स.

माझ्या वाटणीचा वरण-भात आई आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला घालू लागली. "मापानं रांधलं हाये, फेकाचं नाही," एवढंच म्हणायची.

भुऱ्या रोज सकाळी माझ्यासोबत कालव्याच्या पाळीवर धावायचा. सुरुवातीला तो अर्ध्यातच जीभ काढून बसायचा. तिसऱ्या आठवड्यात माझेच पाय दगडासारखे झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. भुऱ्या थेट पुलापर्यंत धावून परत आला आणि माझं तोंड चाटू लागला.

घरी आईनं विचारलं, "काऊन वं, आज लवकर आली?"

"पायात ताकदच नाही राहिली."

"अंडी त रोज खाऊन राहिली."

"अंड्यानं स्नायू बनतात, आई." माझं शिकवणं सुरूच होतं.

"बनू दे नं. पन त्याइले पळवाले काई लागते का नाही?"

मी ताट पुढे केलं. आईनं अंड्याशेजारी भात वाढला, त्यावर वरण ओतलं आणि दारात वाट बघत बसलेल्या भुऱ्याला म्हणाली, "फारम तुह्या नावानं भरला असता, त तूच नोकरीले लागला असता रे, बाबू."