मामंजींची हाडं आणि लाल काठाचा पंचा

...नाही हो, डॉक्टरांची चूक नाही, मशीनची नाही, मूर्ख मीच! आणि वर म्हणे शिकलेली सून, सातवी पास! तुम्हाला सांगते, आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, मिरकरवाड्यातले सखाराम तांडेल, चाळीस वर्षं होडी हाकली, वादळाला कधी भ्याले नाहीत, आणि सत्तरीत अडले कुठे, तर लघवीपाशी! इथले डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटचा कॅन्सर, मुंबईला न्या, हाडांत पसरलाय का ते स्कॅन करून बघतील, पसरला नसेल तर लाइट, म्हणजे किरणांचा शेक, देऊन आटोक्यात येईल, पसरला असेल तर... मी म्हटलं, पसरेल कसा? हाडं कोणाची? सखाराम तांडेलाची!

आमचे हे समुद्रावर, म्हणून मीच घेऊन निघाले एसटीनं. तिथं काय, तर हातात इंजेक्शन, किरणांचं औषध, ते म्हणे हाडांत जाऊन बसतं, रोग असेल तिथं जास्त साचतं आणि फोटोत काळं दिसतं, उरलेलं लघवीतून बाहेर. "आजोबा, तीन तास भरपूर पाणी प्या, मोकळे होऊन या!" अहो, जो माणूस लघवी अडली म्हणूनच इथवर आला, त्याला सांगता मोकळा होऊन ये? मामंजी सात वेळा गेले, सात वेळा खांद्यावरच्या त्या लाल काठाच्या पंच्याला हात पुसत पुसत आले! मग निजवलं फळीवर. फळी ही एवढीशी, कडक! "गो सावित्री, कंबर टेकत नाय." झालं! टेक्निशियनची पाठ वळली, आणि मी शहाणीनं पंच्याची घडी करून सरकवली कंबरेखाली!

पाऊण तासानं पडद्यावर सगळा सांगाडा... आणि कंबरेपाशी हा एवढा काळा डाग! टेक्निशियननं मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. "ताई, जरा बाहेर बसता?" बाकावर बसून गाऱ्हाणं घातलं, बा भैरी, गावच्या देवा, तूच बघ, हाडं कोणाची, सखाराम तांडेलाची... तेवढ्यात आतून ओरड, "हा पंचा कुणी ठेवला?"

पंच्यात लघवीचे थेंब, थेंबांत ते औषध, आणि तोच तो डाग! टेक्निशियन पंचा चिमट्यात धरून पिशवीत घालतोय, जसा काही विंचूच, आणि आता परत मिळायचा नाही म्हणे! पुन्हा फोटो काढला. डाग नाही! कवटीपासून टाचेपर्यंत ठिपका नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हाडं स्वच्छ आहेत, आता लाइट सुरू करू." मी त्या एवढ्या इस्पितळात मोठ्यानं विचारलं, हाडं कोणाची?

आता तो फोटो मी खिडकीत उजेडाला धरते, अर्धा मिरकरवाडा बघून गेला. शेजारची इशरतभाभी म्हणते, "या अल्ला, छातीच्या बरगड्या बघा, नवी होडी बांधायला काढल्यासारख्या!" लाइटही घेऊन झाला, मामंजी पुन्हा धक्क्यावर जाऊन पोरांना शिव्या घालायला लागले. पण मनातलं जाईना हो. शेवटी काल हात जोडले, म्हटलं, "मामंजी, माफ करा, तासभर तुमच्या हाडांत कॅन्सर मीच घातला होता."

मामंजींनी फोटोकडे बघितलंन. माझ्याकडे बघितलंन. रिकाम्या खांद्यावर हात फिरवलान.

"हाडं ऱ्हायली गो. पंचा गेला."