नमुन्याची भिंत

आमच्या उत्तममामानं आखातात जायसाठी जालन्यात एकच भिंत दोनदा बांधली, ठाऊक आहे का? आणीबाणी उठली त्या साली नियम बदलल्ता. एजंटाच्या चिठ्ठीवर भागत नव्हतं. कंपनीच्या साहेबानं काम स्वतः पाहून सही केली तरच परवाना. म्हणून धान्याच्या मोंढ्यामागं आम्हा गवंड्यांना सांगितलं, "दोन तासांत नमुन्याची कंबरेएवढी भिंत बांधा."

मामाची तासाभरातच झाली. पण साहेब वेळेआधीच पाहायला आला, तर मामापुढं धुतलेल्या विटांची थप्पी!

साहेबाच्या दुभाष्यानं विचारलं, "भिंत कुठंय?"

"पाडली. माल वाळायच्या आत विटा मोकळ्या केल्या."

"मंग सही न्हाई. गाडीची वेळ झाली, साहेब निघून राह्यले."

मामानं थापी उचलली. "बसा म्हणावं साहेबाला. भिंत पाहिल्याबिगर जाऊ देत न्हाई."

साहेब बसला. माझी पहिली भिंत होईस्तोवर मामाची दुसरी उभी! साहेबानं ओळंबा लावला, भिंत बराबर सरळ निघाली. सही करता करता त्यानं विचारायला लावलं, "पण पहिली पाडली कशाला?"

मामा थापी धुवत म्हणाला, "नमुन्यात राहायला कोण येणार होतं?"