डोंगराला करवत लावण्याआधी

लेलंड : ...म्हणून म्हणतो, करवत दे. वायर टेबलावरच्या या डोंगराच्या पोटातच तुटलीय.

अर्डिस : नाही देत. त्या डोंगरावर सहाशे झाडं मी लावलीत, चिमट्याने, एकेक करून. दोन हिवाळे गेले माझे.

लेलंड : झाडं परत लावता येतील.

अर्डिस : येतील ना. तूच लावायचीस.

लेलंड : अगं, दोन वाजता छोट्या खेळण्यातल्या गाड्यांचा अख्खा मॉडेल रेल्वे क्लब या तळघरात येणार, आणि तीन आठवडे झाले, गाडीचं एक चाक हललेलं नाही. व्हर्न, तू तरी सांग माझ्या बायकोला. चाळीस वर्षं वीज कंपनीत खांबांवर चढलास तू.

व्हर्न : मी म्हणतो, घाई कशाला? आधी कॉफी घेऊ.

लेलंड : ही तिसरी कॉफी तुझी. हे बघ, वीज सोडणारा हा बूस्टर, याच्या तोंडाशी माझा छोटा मीटर चौदा व्होल्ट दाखवतो. रुळांवर शून्य.

व्हर्न : साध्या मीटरवर एवढं विसंबू नये. डिजिटल रुळांत वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. मीटर भांबावतो.

लेलंड : भांबावला तर अकरा दाखवेल, बारा दाखवेल. शून्य कशाला दाखवेल? बरं, मीटर राहू दे. हे पंचवीस सेंटचं नाणं. ठेवलं दोन रुळांवर आडवं. आता शॉर्ट सर्किट होऊन बूस्टरने ओरडून बंद पडायला हवं. येतंय काही ऐकू?

अर्डिस : मला फ्रीज ऐकू येतोय.

लेलंड : म्हणजे वीज पोचतच नाहीय. कुठे ठेवलीस करवत?

अर्डिस : आधी मला सांग, गाडी शेवटची कधी धावली?

लेलंड : व्हर्न त्याचा पिवळा मीटर घेऊन आला ना, त्या शनिवारी सकाळी.

अर्डिस : आणि बंद कधी पडली?

लेलंड : त्याच... दुपारी.

अर्डिस : तो मीटर अजून तिथेच आहे?

लेलंड : असणारच. इंजिन किती करंट खातं ते दिसावं म्हणून वायर कापून मध्ये बसवलाय मी. सगळी वीज त्याच्यातून जाते. पण आकडा शून्य, कारण इंजिन चालत नाही.

अर्डिस : आणि इंजिन का चालत नाही?

लेलंड : वायर तुटलीय म्हणून. डोंगरात.

अर्डिस : मीटर काढून पाहिलंस?

लेलंड : व्हर्नचा मीटर आहे तो, अर्डिस. आज क्लबाला व्होल्ट आणि करंट मोजायला शिकवणार कोण? व्हर्नच.

अर्डिस : व्हर्न, तुझे कान लाल झालेत.

व्हर्न : तळघरात उकडतंय.

अर्डिस : मिनेसोटात? नोव्हेंबरात?

लेलंड : सापडली करवत. खोक्यामागे लपवली होतीस होय? सरका दोघं.

व्हर्न : लेलंड, खाली ठेव ती. फ्यूज उडालाय. माझ्या मीटरच्या आतला.

लेलंड : कधी?

व्हर्न : त्याच शनिवारी. अर्डिसने जेवायला हाक मारली, तू वर गेलास. करंट मोजून झाला होता, म्हटलं व्होल्टही बघू. मीटरची लाल पिन करंटच्याच भोकात राहिली आणि मी त्याची टोकं लावली दोन रुळांना, म्हणजे सरळ शॉर्टच. टिक्. एवढाच आवाज. वाटलं, घरी नेऊन गुपचूप फ्यूज बदलावा. तर तू खाली येऊन हौसेने मीटर वायरीत बसवलास, आणि सोडायलाच तयार नाहीस.

लेलंड : तीन आठवडे तू माझ्याबरोबर टेबलाखाली रांगलास. टॉर्च धरून.

व्हर्न : गुडघे अजून दुखतायत.

लेलंड : दुखू देत.

व्हर्न : एकोणसत्तर हजार व्होल्टच्या तारा हाताळल्या मी, बोटालाही भाजलं नाही कधी. आणि चौदा व्होल्टांच्या खेळण्याने अब्रू घेतली. लाज वाटली रे. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

अर्डिस : ज्या तोंडाने कॉफी पितोस, त्याच.

(लेलंड मीटर काढून वायर जोडतो. बूस्टर ओरडून बंद पडतो.)

अर्डिस : नाणं उचल आता रुळावरचं... हं. निघाली बघ गाडी. गेली माझ्या डोंगराखालून.

व्हर्न : दोन वाजता सांगून टाकतो सगळ्यांना. मग शिकवायला दुसरा कुणी शोधा म्हणावं.

लेलंड : तू गप्प बसायचं. मी सांगतो, लाल पिन मी चुकीच्या भोकात घातली आणि अर्डिसने शोधून काढलं.

व्हर्न : आणि त्यांना पटेल ते?

अर्डिस : लेलंडने केलं म्हटल्यावर? कुणी पुढचा प्रश्नसुद्धा विचारणार नाही.

लेलंड : तेच तर म्हणतोय मी.