कारण सापडेपर्यंत

दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंना शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण बाक एकच, आणि कानांना काही झाकणं नसतात.

“हे तिसरे डॉक्टर. हेही तेच सांगणार. झोपेत हृदय थांबलं, का ते सापडत नाही.”

“सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे. जन्म गेला माझा लिफ्ट दुरुस्त करण्यात. विनाकारण एकही थांबलेली नाही.”

“अहो, पोरगा होता तो आपला.”

“या जगात कारणाशिवाय काही घडत नाही.”

“आणि हे जग? ते कशामुळे घडलं?”

“असेल काहीतरी.”

“त्याच्या मागे?”

“त्याच्याही मागे असेल. शोधत जायचं.”

“कुठवर? शेवटी हात टेकावेच लागतात ना? एखादी गोष्ट नुसतीच असते. आणि नुसतीच नाहीशी होते.”

“असं म्हटलं की माणूस शोधायचं सोडतो. आमच्यात कारण सापडेपर्यंत लिफ्टला कुलूप असतं. कोणी हात लावायचा नाही.”

“म्हणून त्याच्या खोलीलाही लावलंत.”

“आतलं काही हललं, तर कळणार कसं?”

“तुम्ही शोधा खुशाल, अगदी जगाच्या मुळापर्यंत जा. मला फक्त त्याची उशी हवीय. तिला त्याचा वास असेल अजून.”

“थोडं थांब गं.”

“मी थांबेन हो. वास नाही थांबायचा. किल्ली द्या.”

नवऱ्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि बराच वेळ नुसता वाजतच राहिला.