दोन नंबरची लाइन लाल का व्हायची

—अहो बसा हो पाक हर्सोनो, उठताय कुठे? निंग्रूम मीटिंगमध्ये आहे, सुटली की स्वतः येईल तुम्हाला न्यायला. मोजोकर्तोहून एवढे आलात, नूडल्सचा कारखाना मागे सोडून, तर घाई असणारच, मला कळतं. पण तिच्या मीटिंगा म्हणजे... जाऊ द्या. तोवर हे खा. खा की! आमचंच आहे, कोळंबीच्या चकत्यांचं क्रुपुक, आत्ता तळलंय. बघा कसं फुलतं तोंडात. चहा गोडच आवडतो ना? टाकलीय मी साखर. मी वार्सितो. इथे सगळे पाकदे म्हणतात, मोठे काका. पाहुण्यांचं माझ्याकडे असतं. कारखाना दाखवायचा, चहा पाजायचा, बोलायचं... बोलण्यात मी बरा आहे असं बू रेत्नोंचं मत पडलं. मालकीणबाई आमच्या. निंग्रूम त्यांची भाची. नाही, आधी मी आत होतो. दोन नंबरच्या लाइनचा मुकादम. आता बाहेर. बढतीच म्हणायची. खुर्ची बघा ना, हात आहेत हिला. आत नुसतं स्टूल होतं.

तर तुम्हाला सॉफ्टवेअर घ्यायचंय. घ्या. मी नाही म्हणणार नाही. पण घेण्याआधी एक सांगतो. हे बघा, ही भिंतीवरची स्क्रीन. चार लाइनी आहेत आमच्या, हिरवं म्हणजे माल नीट, लाल म्हणजे फुटका माल फार. निंग्रूम सुराबायाहून शिकून आली आणि हे लावलं. पहिल्याच आठवड्यात काय दिसलं? एक हिरवी, तीन हिरवी, चार हिरवी, आणि दोन नंबर, माझी, लालभडक! म्हणजे सकाळी कामाला लागताना बरी असायची, मग ऊन चढलं की लाल. रोज. चकत्या वाळवणीच्या भट्टीतून बाहेर यायच्या त्या तडे गेलेल्या, एक बाजू जाड, एक बाजू पातळ. बू रेत्नो म्हणाल्या, ही लाइन बंद करते, बाहेरून मोठं यंत्र मागवते, एकच माणूस लागतो त्याला. एक माणूस! आणि माझ्या तीसेक बायका? त्या काय करतील? तांबाकवरून, कोळंबीच्या तळ्यांवरून येतात त्या, कुणाचा नवरा समुद्रावर, कुणाला नवराच नाही... म्हणजे सुमिराला नाही, माझ्याच लाइनच्या चौथ्या यंत्रावर असते ती... ते असो.

मी भांडलो. खरंच भांडलो हो, मालकीणबाईंसमोर टेबलावर हात आपटला, त्यांचा चहा सांडला. म्हटलं, बायका उत्तम आहेत, यंत्रं उत्तम आहेत, तुमच्या त्या पडद्याला अक्कल कमी आहे. त्याला अर्धंच माहीत आहे! निंग्रूम म्हणाली, बरोबर बोलताय पाकदे, त्याला अर्धंच माहीत आहे. मग आणखी काय काय सांगू त्याला? मी म्हटलं, सगळं सांग! पीठ कुठल्या पोत्यातलं, कोळंबी कुठल्या होडीची, पातं कधी घासलं, थंड खोली किती थंड होती, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, दाराचं कार्डसुद्धा घाल त्यात. आणि ज्याच्यामुळे माल फुटतोय तो सापडला की त्याला उचलून बाहेर ठेव, मग तो कुणी का असेना! असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सगळ्या ऑफिसने ऐकलं. मला वाटत होतं तो पीठवाला पाक सुजोनोच निघणार. त्याचं तोंडच तसं आहे.

घ्या ना आणखी. तुम्ही घड्याळाकडे बघू नका हो, ते पुढे आहे.

तर महिना गेला. पीठ? निर्दोष. कोळंबी? तीच चारही लाइनींना. थंड खोली ठीक. पातीही ठीक. मी आपला रोज निंग्रूमच्या खांद्यावरून वाकून बघायचो, मिळाला का, मिळाला का? आणि ती म्हणायची, अजून नाही पाकदे, पण तुमच्या पुतण्याचं लग्न आहे ना ब्लितारला, जा की, दोन दिवस कशाला, आठवडाभर जा. मला केवढं कौतुक वाटलं पोरीचं! गेलो. खाल्लं, प्यालो, बहिणीकडे राहिलो. परत येतो तर काय... दोन नंबर हिरवी! आठवडाभर हिरवी, एकदासुद्धा लाल नाही! अहो, मी नाचायचाच बाकी राहिलो. तळलेली केळी मागवली सगळ्यांना, सुजोनोलाही दिली. बू रेत्नोंना म्हटलं, सांगत होतो की नाही, माझ्या बायकांत खोट नाही! त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. निंग्रूमने दार लावून घेतलं आणि तिच्या टेबलावरची स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

तुम्हाला आमची रीत माहीत आहे ना? नाही? सांगतो. पिठाचे लांब लोड करायचे, वाफवायचे, मग थंड खोलीत कडक करायचे. बाहेर काढले की लगेच कापायचे. लगेच! मऊ पडले की पातं नीट चालत नाही, चकती वेडीवाकडी होते आणि भट्टीत तडकते. हे मला ठाऊक नाही का? मीच तर शिकवलंय सगळ्यांना! तर स्क्रीनवर दोन रेघा होत्या. एक फुटक्या मालाची. दुसरी... दुसरी माझ्या दाराच्या कार्डाची. मी आत गेलो की थोड्या वेळाने माल फुटतो. मी बाहेर आलो की सुधारतो. दोघी बहिणी हातात हात घालून चालल्यासारख्या त्या रेघा.

कारण काय विचारताय? मी बोलतो हो. आत गेलो की जरा विचारपूस करतो. सासूचा गुडघा कसा आहे, पोराची परीक्षा झाली का. मग एखादी गोष्ट निघते. आमच्या शेजाऱ्याची ती मैना आहे ना, पाणीवाल्याचा आवाज काढते. पाणीवाल्याने एकदा सगळी गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन उभी बघितली आणि तो स्वतःच घाबरला! ही सांगितली की बायका हसतात. आणि सुमिरा, ती हसायला लागली की आधी यंत्राचं बटण बंद करते. म्हणते, बोटं हवीत मला. मग तोंडावर रुमाल धरून नीट हसून घेते. तिचं बघून बाकीच्याही. तोवर लोड बाहेर. मऊ.

मी मानलं नाही. कोण मानेल? म्हटलं, दाराचं यंत्र खोटं बोलतंय. दुसऱ्या दिवशी माल चढवायच्या मागच्या दाराने आत गेलो, कार्ड न लावता. एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून, ओठ घट्ट मिटून, सुमिराच्या यंत्राजवळ... म्हणजे मधोमध, तिथून सगळं दिसतं म्हणून, उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ती म्हणाली, पाकदे, दाढ दुखतेय का? झालं! सगळी लाइन हसून हसून बसली. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. निंग्रूम. म्हणाली, पाकदे, दाराला तुम्ही दिसत नाही पण चकत्यांना दिसताय. मागच्या दाराने गेलात ना?

हसा, हसा. बू रेत्नोही हसल्या, त्यांना तर धाप लागली. पण मोठं यंत्र रद्द केलं त्यांनी. तीस बायका राहिल्या. तीसच्या तीस. आणि माझाच शब्द होता ना, सापडेल त्याला उचलून बाहेर ठेवा, म्हणून ही हातांची खुर्ची. वाईट नाही वाटलं. म्हणजे पहिले काही दिवस नमाजाच्या खोलीत जरा जास्त वेळ बसायचो, एवढंच. भिंतीशी बोलून काय होणार? भिंत हसत नाही.

तेव्हा सॉफ्टवेअर घ्या. फक्त ते काय सांगेल याची हमी नाही. थांबा, आता एक गंमत दाखवतो, ही कुणाला दाखवत नाही मी. हे दाबलं की एकेक यंत्र दिसतं. दोन नंबरची लाइन, बघा, सगळी यंत्रं वर गेली, मी बाहेर आल्यापासून. आणि हे चौथं? हे तेवढं खाली. जरासंच. माल चांगला, पण वेग कमी. निंग्रूम म्हणाली पातं बोथट असेल. पातं बदललं. तरी खाली. म्हणाली उजेड कमी पडत असेल. दिवा लावला. तरी खाली. आता मी काय सांगणार? मला त्यातलं शिक्षण नाही. पण मी रोज बघतो. सकाळी आल्या आल्या आधी चौथं बघतो. वर गेलेलं दिसलं तर... वर नको जायला ते, असं वाटतं. कारखान्याचं मीठ खाऊन असं वाटू नये, पण—

तुम्ही हे निंग्रूमला बोलणार नाही ना? मी आपलं तुम्ही परगावचे म्हणून... नाही, तसं काही नाही! या वयात? सुमिरा आपली हसते, मी आपला... जेवणाच्या सुट्टीत कधी इकडून जाते, एवढंच. कधी थांबते. डबा असतो तिच्याकडे, सोयाबीनचं तेम्पे असतं, मला एकट्याला कोण करून—

अरे! झाली वाटतं सुट्टी. अहो उठा. उठा ना पाक हर्सोनो, किती वेळ बसणार? निंग्रूमची मीटिंग संपलीच असेल. नसली तर दारात उभे राहा, दिसलात की बोलावेल. चहा राहू द्या. क्रुपुक घेऊन जा, डबाच न्या सगळा. इकडून नको, तिकडच्या दाराने. हो, हो, घ्या सॉफ्टवेअर, अवश्य घ्या, या आता!

ये, सुमिरा. बस ना. मी... ते... हे आपलं...

बस.