तळहातावरील लिंबू

सोलापुरातील पिठाच्या गिरणीवरील रांगेत गोजरबाई व तिची सून अनसा यांजमध्ये जो संवाद घडला, तो रामहरीने मागे उभे राहून ऐकिला. तोच येथे यथामति सादर होत आहे.

"आत्याबाई, वस्ताद मला दांडपट्ट्याच्या पयल्या फळीत घेणार."

"बाईमाणसाला? लई झालं की!"

"पर उद्या परीक्षा हाय. घरच्या माणसाच्या तळहातावरलं लिंबू पट्ट्यानं कापायचं. हात कुणी दिला न्हाय, तर नाव खोडणार."

"नवऱ्याला इचार की."

"इचारलं. तवाच ते मंद्रूपच्या बाजारला गेले."

"आज कुटला बाजार तितं?"

"त्येच की!"

"पळपुटा मेला! बापावर गेलाय. लिंबूच कापशील न्हवं? का माजी बोटं?"

"लाल भोपळ्यावर ठिवून चाळीस कापली, आत्याबाई."

"काल मी चिरला, त्योच भोपळा?"

"व्हय."

"त्याच्यावर तर एक ओरखडा नव्हता!"

गोजरबाईने बांगड्या कोपराकडे सारिल्या.

"डावा हात देते. उजवा तुजी पाठ थोपटायला ऱ्हाऊ दे."

वाचकांनी हे लेखन गोड मानून घेतले, याबद्दल ऋणी,
रामहरी कोंडीबा घोडके, सोलापूर.