चंद्रीची जुनी जागा

आमचं नवं घर आधी गोठा होता. आजेसासऱ्यांच्या वेळच्या दगडी भिंती आणि सागाचे खांब तसेच ठेवले, पुढे स्वयंपाकघर आणि ओसरी वाढवली. सासूबाईंसाठी कोपऱ्यातली थंडगार खोली काढली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. "मी काही गोठ्यात झोपाले येत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या जुन्या घरी एकट्या राहणार, म्हणून आमच्या यांना जेवण जाईना.

वास्तुपूजेला त्या आल्या, पण पाहुण्यासारख्या बाहेर खुर्चीवर बसल्या. भटजी म्हणाले, आधी गाय आत गेली पाहिजे. लोकांच्या घरी गायीला ओढावं लागतं. आमची चंद्री दोर सोडवून सरळ आत गेली, बैठक ओलांडली आणि कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसली. इतकी वर्षं तिचा खुंटा तिथंच होता.

यांनी सरकीची ढेप दाखवली, शेपूट ओढली. चंद्री रवंथ करत राहिली. भटजी घड्याळ पाहू लागले.

"काय चालून राह्यलं आतमधी?" सासूबाई उठून आल्या.

"माय, चंद्री उठूनच नाही राह्यली," हे म्हणाले. "राहू दे तिले इथंच. तू तं येत नाहीस."

सासूबाईंनी फरशी पाहिली, खिडकी पाहिली. मग चंद्रीच्या पाठीवर थाप मारली.

"ऊठ वं चंद्रे. माही खोली हाये हे."

चंद्री निमूट उठून बाहेर आली. सासूबाई आल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "माही ट्रंक आणा."